बरं झालं हरलो

शाळांच्या खेळांच्या बातम्या मी लिहितो असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. त्यांचं काही चुकत नाही. मी आयुष्यात एकदाच जोरात धावलो, तेही सुटलेल्या बसच्या मागे, आणि ती बस भलत्याच नंबरची निघाली. नोकरी केली ती टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात. लोक फोनवरून ओरडायचे आणि मी लिहून घ्यायचो. आमच्याकडे एक नियम होता. तक्रार लिहून झाली की ती तक्रारदाराला सावकाश वाचून दाखवायची आणि विचारायचं, "बरोबर?" आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, न ओरडता ऐकलं की निम्मे लोक नरमायचे. म्हणायचे, "अहो, एवढं काही नाही. जाऊ द्या." उरलेल्यांची तक्रार मी पुढे पाठवायचो. पुढे तिचं काय व्हायचं ते मला अजून माहीत नाही.

माझी बायको गेल्या वर्षी गेली. त्यानंतर दुपारी घरात करमेना, म्हणून मी पाणीपुरवठा कार्यालयाला फोन करून पाण्याची तक्रार करायला लागलो. पाणी व्यवस्थित येत होतं. पलीकडची मुलगी बोलायला चांगली होती, एवढंच. शेवटी तिने घरी प्लंबर पाठवला. त्याने सगळे नळ उघडून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता चहा पिऊन गेला. हे माझ्या लेकीला कळलं. लेक दुसऱ्या गावी असते आणि हल्ली फोनवरून मला वाढवते. ती म्हणाली, "बाबा, काहीतरी काम धरा. चांगल्या नळांची बदनामी करू नका."

असा मी साप्ताहिकात गेलो. संपादक म्हणजे आमच्या भागातला छापखानेवाला. बिलबुकं आणि लेटरहेडं छापून उरलेल्या वेळात तो पेपर काढतो. त्याने मला शेवटचं पान दिलं. "मैदानावर जायचं, निकाल घ्यायचा, नावं नीट लिहायची. नाव चुकलं की मुलाची आई छापखान्यात येते. आणि शेवटी खेळाडूच्या तोंडचं एक वाक्य टाकायचं. वाक्य असलं की बातमी जिवंत वाटते."

"कसलं वाक्य?"

"खेळाडू म्हणेल ते."

खेळाडू काय म्हणतात ते मला लवकरच कळलं. "सगळ्यांनी मेहनत घेतली आणि सरांचं मार्गदर्शन लाभलं." जिंकलेला हेच म्हणतो, हरलेला हेच म्हणतो. शर्यतीत पडलेल्या एका मुलाने गुडघ्याला पट्टी बांधून घेता घेता हेच सांगितलं. एकदा तर मी घरूनच हे वाक्य लिहून नेलं आणि बुद्धिबळाच्या विजेत्याला वाचून दाखवलं. "बरोबर?" तो डोळे मोठे करून म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना मुलींच्या फुटबॉलची अंतिम मॅच आली.

आमच्या रस्त्याच्या टोकाला जी शाळा आहे तिची टीम पहिल्यांदाच अंतिम मॅचला पोहोचली होती, आणि ती पोहोचली ती गोलकीपरमुळे. पंधरा वर्षांची मुलगी. टीममधल्या मुली तिला 'भिंत' म्हणतात. बोलायला कमी, हनुवटीवर कायम एखादी चिकटपट्टी. टीमला शिकवायला भूगोलाचे सर. शाळेला खेळाचा वेगळा शिक्षक परवडत नव्हता, आणि शिट्टी कुणाच्या तरी गळ्यात पडायलाच हवी होती. सर सज्जन माणूस. फक्त त्यांना फुटबॉलची भाषा येत नव्हती, म्हणून ते स्वतःची वापरायचे.

"उत्तरेकडे! अगं उत्तरेकडे पळ! तू वायव्येला थांब! दक्षिण मोकळी पडलीये!"

पहिल्या हाफमध्ये मुलींनी कसंबसं निभावलं. वर्षभराच्या सरावाने त्यांना समोरचा गोल म्हणजे उत्तर, एवढं पाठ झालं होतं. पण हाफटाइमनंतर बाजू बदलतात. मुलींची उत्तर त्यांच्याबरोबर फिरली आणि सरांची उत्तर जिथे होती तिथेच राहिली, कारण सर भूगोलाचे. शेवटच्या पाच मिनिटांत ते जिवाच्या आकांताने ओरडले, "सगळ्याजणी उत्तरेकडे!" निम्म्या मुली सरांच्या उत्तरेला गेल्या, निम्म्या स्वतःच्या. मधल्या मैदानात कुणी उरलं नाही. समोरच्या शाळेच्या मुली बॉल घेऊन बागेत फिरायला निघाल्यासारख्या आल्या आणि भिंत एकटी काय करणार?

मॅच संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. ती खांबाला टेकून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय वाटतं?" आणि हात आपोआप 'सगळ्यांनी मेहनत' लिहायला लागला.

ती म्हणाली, "बरं झालं हरलो. जिंकलो असतो तर सरांना वाटलं असतं, त्यांच्यामुळे जिंकलो."

माझं पेन थांबलं. मी 'सगळ्यांनी मेहनत' खोडलं आणि हे लिहिलं. मग नियमाप्रमाणे सावकाश वाचून दाखवलं. "बरोबर?"

निम्मे लोक या ठिकाणी नरमतात. ती नरमली नाही. "बरोबर. छापा, आजोबा."

मला वार्ताहर म्हणून ओळखपत्र आहे. गळ्यात होतं. तरी आजोबा.

घरी येईपर्यंत मला घाम फुटला. वाक्य खरं होतं, तिच्या तोंडचं होतं, तिने पुन्हा ऐकून होकार दिला होता. पण ती पंधरा वर्षांची, नुकतीच हरलेली, आणि ते सर उद्या तिच्या वर्गावर येणार. छापायचं की नाही?

पूर्वी अशा वेळी माझं काम सोपं असायचं. स्वयंपाकघरात जायचं. ही ओट्याकडे तोंड करून काहीतरी चिरत असायची. मी सुरुवातीपासून सांगायला लागायचो, कोण आलं, काय म्हणालं, त्यावर मी काय म्हणालो. ती मागे न वळता म्हणायची, "आधी निकाल सांगा. मग पाल्हाळ." मग ऐकायची. आणि दूध उतू जायच्या आत निर्णय देऊन टाकायची. तो बरोबर असायचा की नाही हे मी कधी तपासलं नाही. निर्णय झालेला असायचा, मला झोप लागायची.

आता तेवढ्या कामाला मला पाच माणसं लागली, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

पहिला संपादक. मी फोनवर वाक्य वाचून दाखवलं. पलीकडे खुर्ची करकरली, म्हणजे तो उठून उभा राहिला असावा. "छापायचं! शीर्षक तेच! अहो, या पानावर आजवर कुणी काही बोललेलंच नाही!"

"पण ती लहान आहे."

"म्हणून तर लोक वाचतील. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मजकूर द्या. काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा, पण छापायचं ठरवा."

दुसरी लेक. ती म्हणाली, "अजिबात छापू नका. पंधराव्या वर्षी मी काय काय बोलले होते ते पेपरात आलं असतं तर?"

"काय बोलली होतीस?"

"तुम्ही गोष्ट सांगायला लागलात की आपल्याकडचं घड्याळ बंद पडतं, असं मी आत्याला सांगितलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. मी विषय बदलला.

एक मत इकडे, एक तिकडे. म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना विचारायचं ठरवलं. त्यांनी वकिली सोडून बरीच वर्षं झाली आणि ऐकू येणंही त्याच सुमारास सुटलं. ते गॅलरीत होते, मी खाली अंगणात. म्हटलं, मुलीचं नाव सांगायचं नाही, फक्त वाक्य सांगायचं.

"काय?" वकीलसाहेब म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"मोठ्याने! आणि सुटं सुटं!"

मी सुटं सुटं सांगितलं. समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या. वकीलसाहेबांनी डोळे मिटून विचार केला. "बरं झालं, हे मत. मत मांडायला हरकत नाही. हरलो, ही वस्तुस्थिती. त्यालाही हरकत नाही. पण 'सरांना वाटलं असतं' हा सरांच्या मनावर केलेला आरोप आहे. तोही जे घडलंच नाही त्याबद्दल. सर कोर्टात म्हणू शकतात, मला तसं वाटलं नसतं. मग तुम्ही काय पुरावा देणार?"

"मग छापू नको?"

"मी असं म्हटलं नाही. मी फक्त तुम्ही कुठे अडकाल ते दाखवलं."

समोरच्या एका खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "छापा हो!" दुसरीतून आवाज आला, "कशाला त्या पोरीचं नुकसान?" मी मान खाली घालून निघालो. माझ्या मागे अंगणात चर्चा चालू राहिली.

लॉन्ड्रीवाल्याला मी काही विचारणार नव्हतो. शर्ट आणायला गेलो होतो. पण तो इस्त्री फिरवत म्हणाला, "चेहरा का असा?" आणि इतक्या दिवसांनी माझ्या चेहऱ्याबद्दल कुणी विचारल्यावर मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तो गंभीरपणे ऐकत राहिला, शर्टाची कॉलर पिवळी पडेपर्यंत. मग म्हणाला, "माझ्यापाशीच राहील." लॉन्ड्रीत त्या वेळी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही माना डोलावल्या, की आमच्यापाशीही राहील.

राहिलं शेवटचं, बेकरी. इथे मात्र मी सावध झालो होतो. पाव घेता घेता बेकरीवाल्याला म्हटलं, "समजा, एक मुलगी आहे. समजा, ती एक खेळ खेळते. समजा, ती हरली आणि शिक्षकांबद्दल काहीतरी बोलली. तर ते छापावं का?"

बेकरीवाल्याने पावाची पिशवी माझ्या हातातून परत घेतली. "आमची भाची काय बोलली?"

मी पुढची दोन मिनिटं पावांकडे बघत होतो.

तेव्हा मला खरी गोष्ट समजली. विभागाच्या संघासाठी प्रत्येक शाळेतून नावं जाणार होती. गोलकीपर एकच घेतात. आमच्या शाळेकडून कुणाचं नाव पाठवायचं ते भूगोलाचे सर ठरवणार, आणि शुक्रवारी नावं रवाना होणार. "वर्षभर पोरगी सकाळी उठून माझ्या मागच्या भिंतीवर बॉल मारतेय," मामा म्हणाले. "भिंतीचं प्लास्टर पडलं, मी चकार शब्द काढला नाही. तुमच्या एका वाक्यापायी सरांनी तिचं नाव खोडलं तर?"

"मग नाही छापत," मी म्हटलं. खरोखर ठरवलं. घरी जाऊन वाक्यावर रेघ मारली, त्याखाली 'सगळ्यांनी मेहनत घेतली' लिहिलं आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

माझी शांतता इथे संपते, कारण मामांनी गुरुवारी सकाळपासून बेकरीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली होती की त्यांची भाची सरांबद्दल काहीही बोललेली नाही. पाव घ्यायला आलेल्या माणसाला आपण न विचारता असं सांगितलं, तर तो पाव घेऊन सरळ घरी जाईल का?

नऊच्या सुमाराला लॉन्ड्रीवाल्याने मला हाक मारून आत बोलावलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. "तुम्ही पेपरवाले म्हणून सांगतो. छापू नका. त्या मुली मुद्दाम हरल्या."

"काय?"

"सरांवर सूड. गोलकीपरने स्वतः सांगितलंय. बरं झालं हरलो, आम्हाला हरायचंच होतं. ती बाजूला सरकली आणि बॉल जाऊ दिला. पक्की बातमी आहे. दोन गिऱ्हाइकांनी सांगितली."

मी म्हटलं, "अहो, हे मीच तुम्हाला काल सांगितलं!"

"छे! तुमचं वाक्य वेगळं होतं. तुमच्यात एवढा दम नव्हता."

एखाद्या वार्ताहराचा याहून मोठा अपमान होत असेल तर मला कल्पना नाही. पण अपमान गिळून मी शाळेकडे निघालो. 'सरांना वाटलं असतं' इथवर ठीक होतं. गोलकीपरने मुद्दाम गोल खाल्ला, हे सरांच्या कानावर गेलं तर नाव तर जाईलच, वर आयुष्यभर ती 'बाजूला सरकलेली भिंत' राहील. आणि जे ती म्हणाली ते तिच्या तोंडून ऐकलेला माणूस सगळ्या गावात एकच होता, मी.

शाळेच्या फाटकात एक क्लार्क बसतो. त्याने माझ्यापुढे एक कागद सरकवला. "विद्यार्थिनीला भेटायचंय? नातं लिहा."

"वार्ताहर."

"ते नातं नाही. वडील, आई, पालक, इतर. यातलं कुठलं?"

"इतर."

"इतरांना पालकांचं पत्र लागतं."

"मग मला सरांना भेटायचंय."

"शिक्षकांना भेटायला पालक असावं लागतं. तुम्ही कुणाचे पालक?"

"माझी लेक पस्तिशीची आहे."

"इथे दहावीपर्यंतच आहे."

मी ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उलटं करून बघितलं, मागे काहीच नव्हतं, म्हणून परत दिलं. शेवटी म्हणाला, "कामाचं स्वरूप लिहा, मी वर दाखवतो." मला नोकरीतली सवय, जे आहे ते स्पष्ट लिहायचं. मी लिहिलं, 'गोलकीपर मुद्दाम हरली नसल्याबाबत.' क्लार्कने वाचलं, आणि मी पहिल्यांदाच त्याला पळताना पाहिलं.

दोन मिनिटांत मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत होतो. तिथे सगळे आधीच जमले होते. बाई टेबलामागे. एका खुर्चीत भूगोलाचे सर, शिट्टी अजून गळ्यात, चेहरा ओढलेला. कोपऱ्यात भिंत, मुठी आवळून उभी. टेबलावर विभागाला जाणारा नावांचा कागद पडला होता आणि गोलकीपरच्या नावापुढची जागा कोरी होती.

"तुम्हीच का ते?" बाई म्हणाल्या. "शाळेकडे या वाक्याच्या चार आवृत्त्या आल्या आहेत. एकीत सर झोपले होते. एकीत सरांचा समोरच्या शाळेशी आतून काहीतरी संबंध आहे. एकीत मुलींनी संप केला. आणि चौथी सगळ्यात वाईट, की हिने मुद्दाम गोल सोडला. ती खरी असेल तर हिचं नाव पाठवता येणार नाही."

"मी?" मुलगी एवढ्या जोराने म्हणाली की कपाटावरचा पृथ्वीचा गोल हलला. "मी गोल सोडला? हे बघा!" तिने दोन्ही कोपरं पुढे केली. ती पार सोलवटली होती. "मुद्दाम सोडायचा असता तर हे कशाला झालं असतं? सरांना काय वाटायचं ते वाटू दे, पण हे कुणी म्हणायचं नाही! आजोबा, तुम्ही सांगा ना. तुम्ही लिहून घेतलंय!"

 सरांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याविषयी काय म्हटलं गेलं हे ऐकायची भीती वाटणारी पुष्कळ माणसं मी फोनवर ऐकली होती, बघितली नव्हती.

मी चष्मा लावला. वहीत वाक्यावर रेघ मारलेली होती, पण खालचं दिसत होतं. तक्रार विभागात वापरायचो तोच आवाज काढला, सावकाश, न ओरडता. "बरं झालं हरलो. जिंकलो असतो तर सरांना वाटलं असतं, त्यांच्यामुळे जिंकलो." आणि तिच्याकडे वळून विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. या वेळी जरा हळू.

सर म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"झोपले होते वगैरे नाही?"

"नाही."

सरांनी खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला आणि गळ्यातली शिट्टी चुकून वाजली की काय असा आवाज आला. मग ते हसायला लागले. "बाई, खरं सांगू का? वाटलंच असतं. शंभर टक्के वाटलं असतं. मी तर घरी जाऊन बायकोला काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं होतं. 'शेवटी डोकं लावावं लागतं,' असं म्हणणार होतो."

मुख्याध्यापिकाबाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते.

मी मुलीला म्हटलं, "मागे घ्यायचं असेल तर आत्ता सांग. छापणार नाही." आमच्या विभागात प्रत्येकाला ही एक संधी असायची.

तिने सरांकडे पाहिलं, मग पायांकडे. "मागे नाही घेणार. ते खरं आहे. पण आणखी एक घाला. मैदानावरचा चुना सर स्वतः टाकतात. प्रत्येक मॅचच्या आधी, वाकून. तेही खरं आहे."

सर एकदम गंभीर झाले आणि रुमाल शोधायला लागले. रुमाल सापडल्यावर त्यांनी पेन मागितलं. माझंच दिलं. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि कोऱ्या जागेत तिचं नाव लिहिलं, नकाशावर गावांची नावं लिहितात तशा अक्षरात. मग पेन परत न देताच म्हणाले, "पुढच्या वर्षापासून उत्तर म्हणायचं नाही. काय म्हणायचं?"

"पुढे," ती म्हणाली.

"कुणाच्या पुढे?"

"आमच्या, सर."

बाई म्हणाल्या, "आता हे वाक्य छापायलाच हवं. जसंच्या तसं. नाहीतर त्या चार आवृत्त्या फिरत राहतील." म्हणजे जे छापावं की नाही याचे मी गावभर सल्ले घेत फिरलो, ते त्या सल्ल्यांमुळेच छापणं भाग पडलं. हे घरी ओट्यापाशी हिला सांगायला मिळालं असतं तर ती चिरणं थांबवून मागे वळली असती. ती क्वचित वळायची.

बातमी लिहायला बसलो ती सोपी नव्हती. मुलीचं वाक्य. त्याखाली चुन्याचं वाक्य. सर म्हणाले, माझं उत्तरही जाऊ द्या, 'वाटलंच असतं' हे माझ्याच शब्दांत. बाईंनी शाळेतर्फे खुलासा दिला, तो त्यांनी तीनदा सुधारला. मामांचं म्हणणं, भाची निर्दोष आहे हे बेकरीने सगळ्यात आधी सांगितलं होतं, त्याची नोंद हवी. वकीलसाहेबांनी वरून चिठ्ठी टाकली, की सरांनी 'वाटलंच असतं' हे मान्य केल्यामुळे आरोप सिद्ध झाला असून आता छापायला धोका नाही. लॉन्ड्रीवाल्याने स्वतःबद्दल काही छापू नये अशी विनंती केली, आणि ती करताना दोनदा स्वतःचं नाव नीट सांगितलं.

संपादकाने जागा मोजली. "एक ओळ जास्त होतेय. कुठली काढता?"

मी सगळी बातमी पुन्हा वाचली. प्रत्येक ओळीत कुणाचं तरी वाक्य होतं आणि ते काढलं की तो माणूस दुखावणार. पहिल्याच ओळीत कुणाचंही काही नव्हतं. ती काढली. कुणाला दुखवायचं नाही म्हणून एवढा आटापिटा केल्यावर, शेवटी ते जमलं याचं मला समाधान वाटलं.

शनिवारी पेपर आला. बेकरीत एक प्रत काचेच्या कपाटावर चिकटवलेली होती. मामांनी मला न मागता जास्तीचा पाव दिला. गिऱ्हाइकं वाचत होती, हसत होती, आणि 'सरांना वाटलंच असतं' हे एकमेकांना मोठ्याने ऐकवत होती. भूगोलाचे सर रस्त्याने गेले तर दोन अनोळखी माणसांनी त्यांना नमस्कार केला. मी ओळखपत्र शर्टाच्या वर काढून उभा होतो.

भिंत मागच्या दाराने आली, बॉल काखेत. तिनेही पेपर घेतला. वरून खालपर्यंत वाचला. मग उलटा करून बघितला. मग पुन्हा वाचला.

"आजोबा," ती म्हणाली, "स्कोअर कुठाय?"

मी चष्मा लावला. स्कोअर पहिल्या ओळीत होता. त्याच ओळीत जिंकलेल्या शाळेचं नावही होतं. छापलेल्या बातमीत शाळेचा खुलासा होता, चुना होता, बेकरी होती, वकिली मत होतं. मॅच कोणी जिंकली आणि कितीने, हे कुठेही नव्हतं. आता हिशोब केल्यावर लक्षात येतं की इतका वेळ मी ते तुम्हालाही सांगितलेलं नाही.

"कसले हो आजोबा तुम्ही," ती म्हणाली आणि मागच्या भिंतीवर बॉल मारायला निघून गेली. दोन ठोके झाल्यावर तिच्या हसण्याचा आवाज आला, मग मामांचा, प्लास्टरबद्दल.

घरी पोहोचलो तर फोन वाजत होता. जिंकलेल्या शाळेचे मुख्याध्यापक. मोठ्या आवाजाचा माणूस. "आमच्या मुलींनी अंतिम मॅच जिंकली आणि तुमच्या पेपरात आम्ही आहोतच कुठे? हा काय प्रकार आहे?" मी सगळं लिहून घेतलं. मग सावकाश वाचून दाखवलं. "बरोबर?" ते आवाज खाली आणून म्हणाले, "हो. म्हणजे, एवढं काही नाही. पुढच्या अंकात घाला."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यापाशी कुणी नव्हतं, अर्थात. पाव ठेवले, दूध गॅसवर चढवलं, आणि स्टुलावर बसलो, पूर्वी बसायचो तसा.

"दोन-एक," मी म्हटलं. "आपली शाळा हरली."

मग पाल्हाळ सुरू केलं.